पॉलिहाऊसमधला टोमॅटो: बगलफुटीपासून शेंडा खुडण्यापर्यंत

टोमॅटोची बगलफूट, म्हणजे पानाच्या बगलेतून निघणारी नवी फूट, कुणासाठी थांबत नाही. आज करंगळीच्या पेराएवढी दिसणारी फूट उबदार पॉलिहाऊसमध्ये आठवड्याभरात वीतभर होते, पुढे तिलाच कळी लागते, आणि मग ती काढताना हात अडतो. जुन्नर तालुक्यातल्या आमच्या १० गुंठ्यांत हे काम मी बायांच्या बरोबरीने स्वतः करतो. वाण, खत, फवारणी यांवर शेतकरी तासन्‌तास बोलतात, छाटणीचं मात्र ‘बाया करतात’ म्हणून सोडून देतात. खरं तर फळाचा आकार, रंग आणि तोडणी किती महिने चालणार, हे सगळं त्या बायांच्या बोटांत असतं.

आधी एक गोष्ट पक्की करू. छाटणीने झाडात जास्त साखर तयार होत नाही. साखर पानं तयार करतात, ऊन पडेल तेवढीच करतात. छाटणी फक्त वाटणी बदलते. फळं जोमात लागलेल्या झाडात तयार होणाऱ्या एकूण शुष्क पदार्थापैकी (म्हणजे पाणी वगळून उरणाऱ्या वजनापैकी) साधारण दोन तृतीयांश भाग फळांत जातो. बगलफुटी वाढू दिल्या की हाच वाटा नव्या दांड्यांत आणि नव्या पानांत जिरतो. झाड हिरवंगार, डोळ्याला छान दिसतं. क्रेट मात्र भरत नाही.

म्हणून उत्पादनाचा हिशोब रोपांवर करू नका, खोडांवर करा. १० गुंठे म्हणजे साधारण १,००० चौरस मीटर. बेडच्या मध्यापासून पुढच्या बेडच्या मध्यापर्यंत दीड मीटर, बेडवर दोन ओळी आणि दोन रोपांत ५० सेंटिमीटर धरलं, तर कडेची जागा सोडून सुमारे २,५०० खोडं बसतात. प्रत्येक खोडावर १२ घड, घडात ५ फळं, फळ १०० ग्रॅमचं, म्हणजे खोडामागे ६ किलो. एकूण १५ टन. नेदरलँड्समधल्या तापवलेल्या काचगृहांत चौरस मीटरला ५० ते ६० किलोपर्यंत माल निघतो; पण तिथे एकच पीक जवळजवळ वर्षभर चालतं आणि खोड १० मीटरच्या पुढे जातं. आपल्या मातीतल्या, सप्टेंबर ते मार्च चालणाऱ्या पिकाला चौरस मीटरला १५ किलो हे गाठता येण्यासारखं लक्ष्य आहे. या हिशोबातला एकेक आकडा, म्हणजे खोडं, घड, फळं आणि फळाचं वजन, छाटणीच्या हातात आहे.

वाण आणि तार, लागवडीच्या आधी

इथे लिहिलेलं सगळं अमर्याद वाढीच्या वाणांसाठी आहे. या झाडाचा शेंडा थांबत नाही. दर तीन पानांनंतर एक घड येत राहतो. मर्यादित वाढीच्या वाणात फांदीच्या टोकाला घड आला की ती फांदी तिथेच थांबते. त्याच्या सगळ्या बगलफुटी काढल्या तर उत्पादनच कापून टाकल्यासारखं होतं. आपल्याकडे नारायणगाव, नाशिक पट्ट्यात उघड्या रानात बांबू-तारेवर जो टोमॅटो घेतात, त्यात पहिल्या घडाखालची फूट काढतात आणि वरच्या फांद्या ठेवतात. तिथे ते बरोबरच आहे. तोच हात पॉलिहाऊसमध्ये चालवला की महिन्याभरात आत शिरायला वाट राहत नाही.

तारेचा विचार रोप लावण्याआधी करा. जमिनीपासून आठ-नऊ फुटांवर प्रत्येक ओळीच्या डोक्यावर १० किंवा १२ गेजची जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार हवी. ३० मीटरच्या एका ओळीत ६० झाडं. पान, खोड आणि लटकणारी फळं मिळून झाडाचं ४ किलो धरलं तरी एका तारेवर २४० किलो. पॉलिहाऊस उभारून देणाऱ्याला स्पष्ट विचारा की सांगाड्यात पिकाचा भार धरला आहे का. धरला नसेल तर ओळीच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये दर पाच-सहा मीटरवर वेगळे खांब रोवा. तार झोळीसारखी खाली आली की मधली झाडं जमिनीला टेकतात, आणि मग वरचं कुठलंच काम नीट होत नाही.

सुतळी प्लॅस्टिकची घ्या. तागाची सुतळी आत्ता स्वस्त पडते, पण दमट हवेत कुजते आणि फळांच्या भाराने जानेवारीत तुटते. पुढे झाड खाली सोडायचं असेल तर तारेवर अडकवलेल्या हुकाला आठ-दहा मीटर सुतळी गुंडाळून ठेवा. लागवडीनंतर साधारण पंधरा दिवसांनी, रोप फूटभर झालं की सुतळी बांधायची. बुडाशी सैल फास, आत बोट फिरलं पाहिजे. खोड पुढे जाड होतं, आवळ फास त्यात रुततो. त्यानंतर दर आठवड्याला शेंडा सुतळीभोवती फिरवायचा, सगळ्या झाडांना एकाच दिशेने, दर तीन पानांमागे एक वेढा. सुतळी पानाच्या देठाखालून जाऊ द्या, घडाच्या देठाखालून नको. भाराने घड तिथेच मोडतो. शेंड्याचं शेवटचं वीतभर टोक मोकळं सोडा, ते काचेसारखं मोडतं.

एक खोड की दोन?

माझं मत एका खोडाचं आहे. पहिली तोडणी लवकर येते, मजुराला शिकवायला सोपं, आणि चुकलं तरी लगेच दिसतं. दोन खोडांचा फायदा रोपांच्या पैशात आहे. कलमी रोप घेतलं असेल किंवा संकरित बी महाग पडत असेल, तर निम्म्या रोपांत तितकीच खोडं मिळतात. तेव्हा पहिल्या घडाच्या लगेच खालची बगलफूट ठेवायची, कारण झाडावरची सगळ्यात जोमदार फूट तीच असते. तिला वेगळी सुतळी द्यायची. फक्त रोपांतलं अंतर त्याच मानाने वाढवा. मी पाहिलेली सर्रास चूक अशी की रोपं ५० सेंटिमीटरवरच लावतात आणि खोडं दोन-दोन ठेवतात. चौरस मीटरला पाच खोडं झाली की खालच्या पानांवर ऊन पोचत नाही, फळ लिंबाएवढंच राहतं आणि करपा रोग आत मुक्काम ठोकतो.

बगलफूट काढणं

नवीन बाई कामाला आली की पहिले दोन तास मी तिच्याबरोबर चालतो. बगलफुटीच्या नादात घड तोडला जातो, ही सुरुवातीची ठरलेली चूक. मी एवढंच सांगतो, “मावशी, आधी पान बघा. पानाच्या बगलेत बसलीय ती फूट. ज्याच्या बुडाशी पान नाही, तो घड.” घड नेहमी दोन पानांच्या मधल्या कांडीवरून थेट खोडातून निघतो. हे एकदा डोळ्यात बसलं की हात चुकत नाही. दुसरी चूक शेंड्याजवळ होते. तिथे मुख्य शेंडा आणि वरची बगलफूट सारखीच जाड दिसतात आणि घाईत शेंडाच खुडला जातो. शंका आली तर दोन्ही ठेवा आणि पुढच्या फेरीला बघा. शेंडा मोडलाच, तर सगळ्यात वरची जोमदार बगलफूट शेंडा म्हणून धरा. आठवडा-दहा दिवस मागे पडतील, झाड वाया जाणार नाही.

फूट ३ ते ५ सेंटिमीटरची असताना काढायची. अंगठा आणि तर्जनीत बुडाशी धरून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वाकवली की टक्‌ असा आवाज येऊन स्वच्छ निघते. ओढायची नाही, ओढली की खोडाची साल सोलून येते. नख लावायचं नाही. एवढ्या लहान जखमेला दुपारपर्यंत खपली धरते. म्हणूनच हे काम सकाळी पानांवरचं दव सुकल्यावर, नऊच्या पुढे, उघडीप असलेल्या दिवशी करायचं. ढगाळ, दमट संध्याकाळी केलेली जखम रात्रभर ओली राहते आणि राखाडी बुरशी तिथूनच खोडात उतरते.

एक वर्ष दिवाळीत आमच्या बाया गावी गेल्या आणि पंधरा दिवस फेरी झाली नाही. परत आलो तेव्हा फुटी हातभर, काहींना फुलं. मी घाई केली. दोन दिवसांत सगळ्या कापून टाकल्या, वर आभाळ आलेलं. झाडावरचा जवळजवळ निम्मा पाला एकदम गेला. मुळं मात्र आधीएवढंच पाणी वर ढकलत होती आणि ड्रिपही मी कमी केलं नव्हतं. चौथ्या दिवशी पिकत आलेली फळं देठाजवळ गोल तडकली, वरच्या दोन घडांची फुलं गळाली, आणि जाड जखमांवर राखाडी बुरशी बसली. आज तसं झालं तर मी असं करीन: पहिल्या फेरीत हातभर फुटींचा फक्त शेंडा खुडायचा, म्हणजे वाढ थांबते, मग दर तीन-चार दिवसांनी एकेक करून बुडापासून धारदार सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) काढायच्या, आणि तेवढे दिवस पाणी आखडतं ठेवायचं. आता सणाच्या आधीच्या आठवड्यात मी एक जादा फेरी करून घेतो.

२,५०० झाडांना बगलफूट आणि वेढा मिळून झाडामागे २० सेकंद धरले तर १४ तास होतात. म्हणजे दोन माणसांचा एक दिवस. आमच्याकडे सोमवार ठरलेला आहे. थंडीत आठवड्याला एक फेरी पुरते, ऑक्टोबरच्या उकाड्यात दर पाच दिवसांनी लागते.

हातांचं बोलायलाच हवं. तंबाखूवरचा मोझॅक विषाणू टोमॅटोवरही येतो आणि वाळलेल्या तंबाखूत तो वर्षानुवर्षं जिवंत राहतो. तंबाखू मळलेल्या हाताने बगलफूट काढली की प्रत्येक जखमेत तो टोचल्यासारखाच आहे. म्हणून दारातच साबण आणि पाण्याची बादली ठेवतो, तंबाखू-विडी बाहेर. साय काढलेल्या दुधाच्या पावडरीचं पाणी हाताला लावत राहिलं तर दुधातली प्रथिनं या विषाणूला बांधून ठेवतात. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला मगमध्ये बोटं बुडवायची एवढंच काम. जीवाणूंमुळे होणारा कॅन्कर रोगही असाच हातातून आणि कात्रीतून पसरतो. संशयित झाडाला लाल फीत बांधा आणि त्याला सगळ्यात शेवटी हात लावा.

पानं किती ठेवायची

इथे शेतकरी दोन टोकांना जातात. काही जण एकही पान काढत नाहीत, काही जण फळं ‘उघडी दिसावीत’ म्हणून झाड सोलून ठेवतात.

घडाला साखर पुरवण्याचं काम मुख्यतः त्याच्या आसपासची पानं करतात. पिकत आलेल्या घडाच्या खालची पानं सावलीत असतात, त्यांची कमाई संपलेली असते. ती ओल धरून ठेवतात, हवा अडवतात, फवारा आत जाऊ देत नाहीत. तेव्हा पहिल्या घडातल्या फळावर रंगाची छटा आली की त्याच्या खालची पानं काढायला सुरुवात करा. आठवड्याला दोन, फार तर तीन. झाडही आठवड्याला साधारण तेवढीच नवी पानं काढतं, त्यामुळे संख्या कायम राहते. थंडीत खोडावर १५-१६ चांगली पानं ठेवतो, फेब्रुवारीनंतर १८ च्या खाली येऊ देत नाही.

फेब्रुवारीनंतरचा हा फरक रंगासाठी आहे. टोमॅटोला लाल करणारं लायकोपीन तापमान ३० अंशांच्या वर गेलं की नीट तयार होत नाही, पिवळा रंग मात्र तयार होत राहतो. उघड्यावर उन्हात असलेलं फळ भोवतालच्या हवेपेक्षाही जास्त तापतं. मग खांदा पिवळा राहतो, कडक राहतो, किंवा पांढरा चट्टा पडून फळ कातड्यासारखं होतं. असं फळ व्यापारी बाजूला काढतो. मार्चमध्ये पश्चिमेच्या कडेच्या ओळींत मी घडावर सावली धरणारं पान मुद्दाम ठेवतो, मग ते नियमात बसो वा न बसो.

पान काढताना देठ खोडाला जिथे चिकटतो तिथे धरायचा, थोडा वर उचलून मग खाली दाबायचा. सांध्यावर स्वच्छ तुटतो. सिकेटर वापरलं तर खोडाला लागून कापा. एक-दोन सेंटिमीटरचं खुंट राहिलं की ते कुजतं आणि कूज खोडात शिरते. त्या दिवशी संध्याकाळचं पाणी देऊ नका, फळ तडकण्याचं कारण वर सांगितलंच आहे. उलट बाजूही लक्षात ठेवा. पाला अतोनात असला की झाडातलं पाणी आणि त्याबरोबरचं कॅल्शियम पानांकडे ओढलं जातं, फळापर्यंत कमी पोचतं आणि फळाचं बूड काळं पडतं. फक्त कॅल्शियमच्या फवारण्या करत बसण्यापेक्षा आधी पाला आणि पाण्याच्या पाळ्या बघा.

काढलेला पाला क्रेटमध्ये भरून त्याच दिवशी बाहेर न्या आणि खड्ड्यात गाडा किंवा प्लॅस्टिकखाली झाका. टुटा ही पान पोखरणारी अळी भारतात पहिल्यांदा २०१४ मध्ये पुणे भागातच आढळली. तिच्या अळ्या खालच्या पानांत असतात. पाला वाटेवर पडू दिला की त्यातून पतंग निघून पुन्हा वर चढतात.

घडातली फळं

घड बांधण्याआधी फळ धरलं पाहिजे. उघड्या रानात वारा फूल हलवतो, बंद पॉलिहाऊसमध्ये तो नसतो आणि परागकण फुलातच अडकून राहतात. सकाळी दहा ते बारामध्ये एक दिवसाआड काठीने तारेवर टिचकी मारत जा. नुसत्या एवढ्याने फळधारणेत फरक दिसतो.

फळं वाटाण्याएवढी झाली की विरळणी, म्हणजे घडातली जादा फळं काढणं. १५०-२०० ग्रॅमच्या वाणात घडाला ४, १०० ग्रॅमच्या आसपासच्या वाणात ५ ते ६, चेरी टोमॅटोला हात लावायचा नाही. घडाच्या टोकाची बारकी, उशिरा धरलेली फळं जातातच. पण खोडाजवळचं पहिलं फळही नीट बघा. डिसेंबरच्या गारठ्यात जुळी फुलं येतात आणि त्यातून वेडंवाकडं, खाच पडलेलं मोठं फळ होतं. ते सगळ्यात आधी येतं आणि घडाची साखर सगळ्यात जास्त ओढतं. मोठं आहे म्हणून ठेवलं तर बाकीची चारही बारीक राहतात. रोप अशक्त असेल तर पहिल्या घडात ३ च फळं ठेवा. घडाच्या टोकाला पालवी फुटली तर तीही खुडा.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. विरळणीने एकूण वजन फारसं वाढत नाही. फळं कमी झाली की उरलेली मोठी होतात, बेरीज जवळपास तीच. म्हणून तुमचा माल २० किलोच्या क्रेटने सरसकट भावात जात असेल, तर विरळणीची मजुरी अंगावर येते. फक्त वेडीवाकडी फळं काढून थांबा. आकार आणि एकसारखेपणा बघून पैसे देणारा खरेदीदार असेल, तर घडाघडाला हात लावा.

झाड बघून हात चालवा

शेंड्यापासून वीतभर खाली खोडाची जाडी बघा. १० ते १२ मिलिमीटर, म्हणजे पेन्सिलीपेक्षा थोडं जाड असेल तर झाड तोलात आहे. अंगठ्याएवढं जाड, शेंड्याची पानं आत वळलेली आणि फुललेला घड शेंड्यापासून खूप खाली असेल, तर झाड पाल्यावर गेलंय. अशा वेळी घडात एखादं फळ जास्त ठेवा आणि नत्र आखडा. खोड बारीक आणि फूल शेंड्याला टेकलेलं असेल, तर फळांचा भार झेपत नाही. तिथे विरळणी कडक करा, पान काढणं एक आठवडा थांबवा, वेळ पडली तर एक अख्खा कोवळा घड काढून टाका. घड काढताना जीव खालीवर होतो, पण पुढचे तीन घड त्यानेच वाचतात.

तारेला पोचल्यावर

डिसेंबरच्या सुमारास शेंडा तारेला लागतो. त्याआधीच सुतळी सोडून झाड ३०-४० सेंटिमीटर खाली घ्यायचं आणि हूक तेवढाच पुढे सरकवायचा, पूर्ण ओळ एकाच दिशेने. हे काम दुपारी करा. सकाळी खोड पाण्याने ताठ आणि ठिसूळ असतं, दुपारी थोडं लवचीक होतं. बगलफूट सकाळी, झाड सोडणं दुपारी, हे बायांना पहिल्याच दिवशी पाठ होऊ द्या. खाली येणारा भाग आधी तोडून झालेला आणि पानं काढून मोकळा असला पाहिजे. आडवं झालेलं खोड ओल्या मातीवर टेकू देऊ नका. बेडच्या कडेला वीतभर उंचीच्या तारेच्या कमानी रोवल्या की त्यावर ते छान बसतं. बेडच्या टोकाला खोड वळवून पलीकडच्या ओळीत न्यायचं.

फूल उमलल्यापासून फळ पिकेपर्यंत आपल्याकडे ४५ ते ५५ दिवस लागतात. मार्चअखेर पीक काढायचं तर फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात शेंडा खुडा. शेवटच्या घडाच्या वर दोन पानं ठेवून खुडायचं, नाहीतर तो घड उपाशी राहतो आणि उन्हाने भाजतो. शेंडा गेला की बगलफुटी जोरात सुटतात. खालच्या काढत रहा, वरच्या एक-दोन मात्र मार्चच्या उन्हात सावलीसाठी राहू देतो.

शेवटची तोडणी झाली की ड्रिप बंद करून खोडं बुडाशी कापा आणि चार-पाच दिवस तारेवरच सुकू द्या. वजन निम्म्याहून कमी होतं, बाहेर काढणं सोपं जातं. सुतळी वेलांसकट उतरवून पाल्यातून वेगळी करा. प्लॅस्टिक खतात जायला नको. आणि ती सुतळी चांगली दिसली तरी पुढच्या पिकाला वापरू नका. कॅन्करचे जीवाणू आणि मोझॅकचा विषाणू तिच्यावर बसून पुढच्या हंगामाची वाट बघत असतात.